जनरल हार्केटची रिकामी चौकट

१

ओझेला प्रुइटच्या थोरल्या बहिणीने बहात्तराव्या वर्षी दुसरं लग्न केलं, ते साल २०२१. नवरदेवाची कवळी केकमध्ये अडकून राहिली होती, त्यामुळे त्या घरात ते साल कुणी विसरत नाही. लग्न ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी झालं. त्याला तीन आठवडेही उलटले नसतील, तोच एका शुक्रवारी पहाटे कॅलडेन मिलिटरी कॉलेजच्या मेसमधून जनरल ल्यूशियस हार्केट नाहीसा झाला.

जनरल मरून दीडशे वर्षं होत आली होती. नाहीसं झालं ते त्याचं चित्र. सहा फूट बाय चार फूट, करड्या गणवेशातलं, तलवारीच्या मुठीवर हात ठेवलेलं. हा माणूस याच कॉलेजात शिकला, याच मैदानावर देशाच्या झेंड्याची शपथ त्याने घेतली, आणि गुलाम ठेवण्याच्या हक्कासाठी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली तेव्हा त्याच झेंड्यावर त्याने तोफा डागल्या. चार वर्षांनी हरला. हरलेल्या माणसाला भिंतीवर कुणी टांगलं आणि का, हे विचारायची कॅलडेनमध्ये शंभर वर्षं सोय नव्हती. पहिल्या वर्षाच्या कॅडेटने त्याला सलाम ठोकल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, असा नियम होता. नियम पुढे कागदावरून गेला. चित्र राहिलं.

ओझेला पन्नास वर्षं या मेसमध्ये होती. अठराव्या वर्षी भांडी घासायला लागली आणि अडुसष्टाव्या वर्षी सगळं स्वयंपाकघर तिच्या हुकमात होतं. रोज पहाटे पाचला दार उघडायची, दिवे लावायची आणि चित्राकडे पाठ करून अंगातलं जॅकेट काढायची. त्या दिवशीही तसंच काढलं. वळली, तर सोनेरी चौकट जागच्या जागी होती आणि आत चित्र नव्हतं.

ती जवळ गेली. चौकट भिंतीला चार पितळी पट्ट्यांनी बसवलेली होती. कुणीतरी ती खाली उतरवून, चित्र काढून घेऊन, रिकामी चौकट पुन्हा टांगली होती. चारही पेच आपापल्या जागी होते आणि त्यांच्या खाचा सरळ उभ्या होत्या, घड्याळात सहा वाजल्यासारख्या.

"अरे देवा," ओझेला म्हणाली. आवाजात दुःख होतं असं कुणाला म्हणता आलं नसतं.

तिने सगळ्या मेसला एक फेरी मारली. स्वयंपाकघराच्या दाराशी एक लहान गोल टेबल असतं, लढाईतून परत न आलेल्या सैनिकासाठी मांडलेलं. त्यावर पांढरं कापड, एक गुलाब, बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि एक पेला, नेहमी पालथा. न आलेला माणूस पाणी पिणार नाही म्हणून पालथा. आज तो उताणा होता आणि काठोकाठ पाण्याने भरलेला होता. ओझेला करवादली. नवीन पोरांना एक गोष्ट धड शिकवता येत नाही! तिने पाणी ओतलं, पेला पुसला, पालथा घातला.

मुख्य टेबलापाशी ती पुन्हा करवादली. तिथल्या कापडाची कड खुर्चीच्या बैठकीला जेमतेम टेकली पाहिजे, ही तिची स्वतःची शिस्त. आज कड अंगठाभर वर होती. धोब्याने कापड आटवलं होतं.

मग तिने फोन उचलला.

सातपर्यंत सगळे जमले. कॉलेजचे प्रमुख जनरल विटकर दीड वर्षापूर्वी उत्तरेतून आलेले, मोजकं बोलणारे. विश्वस्तांचे अध्यक्ष जज वॉरन टॉलिव्हर एकाहत्तर वर्षांचे, गुलाबी गालांचे, याच कॉलेजातून बहात्तर साली बाहेर पडलेले. विश्वस्तांनी महिनाभर वाद घालून तोडगा काढला होता: चित्र मेसमधून काढायचं, पण शनिवारी अकरा वाजता, बँड लावून, तलवारींची मानवंदना देऊन, नव्या संग्रहालयात पडद्यामागे बसवायचं आणि जजसाहेबांनी दोरी ओढायची.

जज मुख्य टेबलाशी बसले आणि मऊ पावासारख्या गरम बिस्किटांवर रस्सा ओतू लागले.

"ओझेला, हे टेबल आज माझ्या हनुवटीला लागतंय. खुर्च्या बदलल्यास काय?"

"नाही साहेब. वय झालं की माणूस खचतो."

विटकर खोकले. जजांनी रागाने कप ठेवला तो कलंडला आणि कॉफी कापडभर पसरली.

"चोर शोधायची गरज नाही," जज म्हणाले. "कॅडेट टिएरा प्रुइट. समितीपुढे काय बोलली ते इतिवृत्तात लिहिलेलं आहे. 'तुम्ही उतरवत नसाल तर मी उतरवीन.' काल मेसला कुलूप लावायची पाळी कुणाची होती? तिची. उद्या अकरापर्यंत चित्र आलं नाही, तर मी पडदा उघडून रिकामी भिंत लोकांना दाखवीन आणि तिचं नाव वाचून तिला सगळ्यांसमोर गणवेश उतरवायला लावीन."

कॉफी पुसता पुसता ओझेलाचा हात थांबला. टिएरा तिच्या मुलीची मुलगी होती.

२

टिएरा शेवटच्या वर्षाला होती. मे महिन्यात लेफ्टनंट होणार होती. तिला खोलीत बसवून ठेवलं होतं. ओझेला मक्याचा पाव आणि पीचचा मुरंबा घेऊन गेली.

"आजी, मी नाही केलं."

"ते मला ठाऊक आहे. तू केलं असतंस तर चौकटही आणली असतीस. अर्धवट काम तुला जमत नाही. खा."

"घशाखाली उतरत नाही गं." तिने बशी सरकवली. "मी बोलले ते खरं बोलले. ज्याने या झेंड्यावर गोळ्या झाडल्या त्याच्याखाली बसून मी या झेंड्यासाठी मरायला शिकायचं? पुस्तकात ठेवा ना त्याला. प्रश्न विचारू आम्ही. पण जेवायच्या खोलीत टांगलेल्या माणसाला प्रश्न विचारत नाहीत, त्याला फक्त नमस्कार करतात."

"भाषण उद्यासाठी ठेव. काल काय काय केलंस ते सांग."

"दहाला कुलूप लावलं. चित्र होतं. खिडक्या पाहिल्या. सैनिकाच्या टेबलाशी गेले, पेला पालथा आहे का बघितला. पहिल्या वर्षी त्यावरून तूच माझे कान उपटले होतेस."

"पालथा होता?"

"होता. मी हात लावून पाहिला."

ओझेला पलंगाच्या कडेवर बसली. म्हणजे पेला पोरांनी उलटवलेला नव्हता. चित्र नेणारा माणूस आत आला, त्याने एवढं मोठं काम उरकलं आणि जाण्याआधी न आलेल्या सैनिकाला पाणी भरून ठेवलं.

काल सोळा सप्टेंबर होता.

"आजी? तुला बरं वाटत नाही का?"

सोळा सप्टेंबर एकोणीसशे एकाहत्तर. तेव्हाही गुरुवारच होता. ओझेला कामाला लागून सतरा दिवस झाले होते. कॉलेजात त्या वर्षी पहिल्यांदा दोन काळी मुलं घेतली होती. त्यातल्या लोनी बेट्सने हार्केटला सलाम करायला नकार दिला. त्याचा खापरपणजा उत्तरेच्या पलटणीत होता. ती तुकडी हात वर करून शरण आली, तेव्हा हार्केटने काळ्या शिपायांना ओढ्याच्या काठी उभं करून मारलं होतं. लोनी म्हणाला, "शरण आलेल्याला मारणारा सैनिक नसतो. मी सैनिकालाच सलाम करीन." मग त्याला भर उन्हात, मेसच्या खिडकीसमोर, चित्र दिसेल असं, बंदूक डोक्यावर धरून उभं केलं. सलाम केलास तर पाणी, असं सांगून. सकाळी नऊपासून.

दुपारी ओझेला पाण्याची सुरई घेऊन मागच्या दाराने निघाली होती. शेवटच्या वर्षाच्या, कंपनीचा प्रमुख असलेल्या कॅडेट कॅप्टनने दारात हात आडवा धरला. "आत जा पोरी, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." तिने सुरई परत ओट्यावर ठेवली. घरी आई आणि चार भावंडं होती. पन्नास वर्षं तिने हे स्वतःला सांगितलं होतं आणि एकदाही ते पुरलं नव्हतं.

तो कॅडेट कॅप्टन म्हणजे वॉरन टॉलिव्हर.

लोनी पाणी मागत मेला, हे किती जणांना माहीत होतं? टॉलिव्हर. ती स्वतः. आणखी कोण?

३

गोड गार चहाचा पेला घेऊन ती अतिथिगृहाच्या पडवीत गेली. जज वर्तमानपत्र वाचत होते.

"जजसाहेब, एक विचारू? लोनी बेट्स आठवतो का?"

जजांनी चहाचा घोट घेतला. साखर बरोबर होती. "कोण?"

"एकाहत्तर सालचा कॅडेट. तुमच्या कंपनीतला."

"त्या वर्षी दोघं आले होते ते? नावं कोण लक्षात ठेवतो! आम्ही दोघांनाही एकाच नावाने हाक मारायचो. एक आजारी पडला आणि दुसरा रात्रीतून पळाला. कच्चा माल." त्यांनी पान उलटलं. "का गं?"

"काही नाही. असाच आठवला."

 तिला स्वतःलाच नवल वाटलं. आता जजांचा राग येण्याच्याही पलीकडे ती गेली होती, आणि तिथे फार थंड होतं.

दुसरा. तिला तो चेहऱ्याने आठवत नव्हता. दोघांचीही गोटा केलेली डोकी, बाहेर आलेले कान, एवढंच.

ती संग्रहालयात गेली. तिथले प्रमुख कर्नल एम्बरी रॅव्हनेल एकोणऐंशी सालचे पदवीधर, इतिहासाचे प्राध्यापक आणि जनरल हार्केटच्या मुलीच्या वंशातले. संशय घ्यायचा तर टिएराच्या आधी यांचाच घ्यायला हवा होता. चित्र मेसमधून हलवू नये म्हणून त्यांनी समितीपुढे दोन तास भांडण केलं होतं.

"तुम्हीच नेलंत का हो कर्नलसाहेब?"

रॅव्हनेल हसले. "चोरायचं असतं तर चौकटीसकट नेलं असतं, मिस ओझेला. चौकट खापरपणजीच्या पैशांची आहे. बसा."

"तो हरला, शपथ मोडली, शरण आलेल्यांना मारलं. तरी टांगायचा?"

"माझं म्हणणं होतं, आहे तिथे राहू दे आणि शेजारी हेच सगळं लिहा. उतरवलं की पुढच्या पिढीला वाटेल, आपल्याकडे असं काही झालंच नव्हतं."

"लिहिलं का मग कुणी शंभर वर्षांत?"

रॅव्हनेलनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"ते पेच पाहिलेत?" तिने विचारलं. "खाचा उभ्या आहेत."

"पाहिले. आमच्या वेळी बंदुकीचे पेच तसेच ठेवावे लागत. एक जरी वाकडा दिसला तर दहा फेऱ्या मैदानाला. अजून घरातल्या विजेच्या बटणांचे पेच मी तसेच करतो, बायको हसते. पंच्याऐंशीत बंदुका बदलल्या आणि ते गेलं." ते थांबले. "म्हणजे तुमच्या नातीला हे माहीतच नाही."

"आणि तुम्हाला माहीत आहे."

"मला, जजांना आणि शस्त्रागारातल्या हॅस्केलला."

"सैनिकाच्या टेबलावरच्या पेल्यात पाणी कुणी का भरेल, कर्नलसाहेब?"

"पाणी? तो तर पालथा असतो." त्यांच्या चेहऱ्यावर खरा गोंधळ होता. ओझेलाने तो नीट न्याहाळला. सोंग घेता येणाऱ्यांतला हा माणूस नव्हता.

"मला एकाहत्तर सालचं प्रवेशाचं रजिस्टर दाखवा."

त्यांनी पेटीतून ते जाड रजिस्टर काढलं. बोट फिरवत ओझेला पानाच्या तळाशी आली; लोनीचं पूर्ण नाव तिथे होतं. 'बेट्स, अलोन्झो. प्रकृतीच्या कारणाने घरी परत.'

"घरी परत!" ती म्हणाली. "पेटीत घालून पाठवलं त्याला. मी ती गाडी जाताना पाहिली." आणि दारातल्या हातापासून सुरईपर्यंत, जे पन्नास वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, ते तिने हार्केटच्या वंशजाला सांगितलं. रॅव्हनेल उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरेच उभे राहिले.

ओझेलाने खालची ओळ वाचली. दुसऱ्या मुलाचं नाव होतं हॅस्केल ओडम.

४

शस्त्रागारात तेलाचा वास होता. हॅस्केल काळा, उंच, पाठीत किंचित वाकलेला. उद्याच्या मानवंदनेच्या तलवारी पुसत बसला होता. नव्वद सालापासून तो इथे होता. ओझेलाच्या स्वयंपाकघराच्या बिजागऱ्या आणि मेसची कुलपं त्यानेच बसवली होती, आणि त्यांचेही पेच उभेच होते. एकतीस वर्षं दोघं रोज दुपारी एकत्र जेवत होती.

"पेला मी पालथा केला," ती म्हणाली. "ओळखला नाही. माफ कर."

हॅस्केलने तलवार खाली ठेवली. 

"वाटलंच होतं, तू येशील," तो म्हणाला. "लोनी आणि मी एका गल्लीतले. मी सलाम केला, ओझेला. त्याने नाही केला. मी केला, पाणी प्यायलो आणि कंपनीच्या रांगेत उभा राहून त्याला बघत राहिलो. रात्री पळालो. पुढे सैन्यात गेलो, बंदुका दुरुस्त करायला शिकलो आणि परत आलो."

"कशाला आलास?"

"तो टॉलिव्हर कधीतरी या जागेवर मोठा होणार हे दिसत होतं. दर वर्षी मी त्याच्या हातात मानवंदनेची तलवार देतो. एकदाही त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, थांबू. चित्र उतरवणार म्हणाले तेव्हा वाटलं, झालं, आता मरायला मोकळे. मग म्हणतात, बँड वाजवणार! लोनीला न्यायला दूधवाल्याची गाडी आणि याला बँड?"

"चित्र कुठे आहे?"

"तू सांग. तुझं घर आहे ते."

ओझेलाने डोळे मिटले. आटलेलं कापड तिच्या डोळ्यांपुढे आलं. हनुवटीला लागणारं टेबल, सहा जणांचं, साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद. मग ती हसायला लागली, तोंडावर पदर असता तर दाबला असता, इतकी हसली.

"कापडाखालच्या बनातीच्या अस्तराखाली! टॉलिव्हर त्याच्या तोंडावर ताट ठेवून रस्सा खात होता?"

"सरळ तोंड वर करून ठेवलंय. काल पन्नास वर्षं झाली. एक दिवस तरी टॉलिव्हरने आपल्या जनरलला ताटाखाली घ्यावं, म्हटलं."

हसता हसता ती थांबली. "हॅस्केल, काल कुलूप टिएराकडे होतं."

त्याने तलवार उचलून पुन्हा पुसायला घेतली.

"तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं."

"माझी पोर आहे ती! तिने तुझं काय बिघडवलं?"

"तिने काही नाही." त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "मी रांगेत होतो, ओझेला. मागचं दार मला दिसत होतं. तू सुरई घेऊन आलेली दिसलीस आणि परत गेलेली दिसलीस. एकतीस वर्षं तुझ्या हातचं जेवलो आणि रोज वाटलं, आज सांगेल. तू माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यास. म्हटलं, एक दिवस तुझ्याही घशाला कोरड पडू दे. उद्या अकराला मी स्वतः पुढे होणार होतो. पोरीला काही होऊ दिलं नसतं."

ओझेला तिथल्या बाकावर बसली. तिला ओरडायचं होतं, आणि ओरडायला तोंड नव्हतं.

"तू पुढे होऊ नकोस," शेवटी ती म्हणाली. "तू बोललास तर तो म्हणेल, चोर आहे, पळपुटा आहे. तुला साक्षीदार पाहिजे होता ना? पन्नास वर्षं उशीर झालाय, पण आहे."

"नोकरी जाईल. पेन्शन अडकवतील."

"तेव्हा नोकरीच वाचवली होती मी." ती उठली. "पडद्यामागे काय लावायचं ठरवलंयस?"

त्याने कपाट उघडून दाखवलं.

५

शनिवारी अकराला संग्रहालय भरून गेलं होतं. कॅडेट, माजी विद्यार्थी, फुलांच्या टोप्या घातलेल्या बायका. टिएरा पुढे, दोन पहारेकऱ्यांच्या मधे ताठ उभी होती. जजांनी भाषण सुरू केलं. परंपरा, सन्मान, पूर्वज. मग आवाज चढवून म्हणाले, "आपल्या पूर्वजाचं काय केलं गेलं ते बघा!" आणि त्यांनी दोरीला हात घातला.

"जजसाहेब, दोन मिनिटं थांबा," मागून आवाज आला. "जनरल सापडलाय."

ओझेला स्वयंपाकघराचा पांढरा एप्रन घालूनच पुढे आली. जनरल विटकर खुर्चीतून अर्धवट उठले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. "बोला, मिसेस प्रुइट."

"चित्र मेसमधून बाहेर गेलंच नाही. सहा फुटाचं चित्र घेऊन फाटकावरून कोण जाईल? ते मुख्य टेबलाच्या अस्तराखाली आहे. म्हणून कापड तोकडं पडलं आणि म्हणून टेबल जजसाहेबांच्या हनुवटीला लागलं. काल दोन वेळा आणि आज सकाळी ते हार्केटवर जेवले. कॉफीचा डाग बहुतेक डाव्या गालावर असेल."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. जजांचे कान लाल झाले.

"म्हणजे नातीने सांगितलं तुला!"

"नात एकवीस वर्षांची आहे. चौकटीचे पेच ज्याने बसवले त्याने खाचा उभ्या ठेवल्या. ती सवय पंच्याऐंशीच्या आधी इथे शिकलेल्याची. तुम्हाला आहे, कर्नलसाहेबांना आहे. आणि जो आला होता त्याने जाताना न आलेल्या सैनिकाचा पेला पाण्याने भरला. कर्नलसाहेबांना त्या पाण्याचा अर्थ कालपर्यंत माहीत नव्हता. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही कुणाला पाणी देणाऱ्यातले नाही."

जजांनी पहारेकऱ्यांकडे वळून तिच्याकडे बोट दाखवलं.

"ही बाई काय बरळतेय? हिला बाहेर काढा."

"मला एकदा आत हाकललं होतंस तू, वॉरन." पन्नास वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याला अशी हाक मारली. "मागच्या दारातून. माझ्या हातात सुरई होती. तू म्हणालास, आत जा. मी गेले. ते माझं पाप आहे, मी सगळ्यांसमोर सांगते. लोनी बेट्स सहा तास उन्हात उभा होता आणि त्याला पाणी द्यायचं नाही असा हुकूम तुझा होता. तो 'पाणी' म्हणत पडला तेव्हा तू घड्याळात पाहिलंस. वेळ मला आठवते, कारण तू ती मोठ्याने सांगितलीस."

"पुरावा आहे?" जज कोर्टातल्या आवाजात म्हणाले. "त्या दोघांतला एक आजारी होऊन घरी गेला. रजिस्टरमध्ये नोंद आहे."

कर्नल रॅव्हनेल उभे राहिले. त्यांच्या हातात ते जाड रजिस्टर होतं. "नोंद आहे. कॅडेट कॅप्टन म्हणून तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने आहे, वॉरन, आणि तारीख अठराची आहे. गावच्या दफ्तरात मी काल संध्याकाळी मृत्यूची नोंद पाहून आलो. ती सोळाची आहे. मेलेला मुलगा दोन दिवसांनी प्रकृतीच्या कारणाने घरी जात नाही." मग ते सावकाश म्हणाले, "चित्राशेजारी खरं लिहा असं मी म्हणत होतो. इथे खरं लिहिणाराच कुणी नव्हता."

"आणि तो दुसरा?" जनरल विटकरनी विचारलं.

दाराजवळून हॅस्केल पुढे आला. मानवंदनेची तलवार त्याच्या दोन्ही तळहातांवर आडवी होती. तो जजांसमोर थांबला.

"कॅडेट हॅस्केल ओडम, साहेब. चित्र मी काढलं. पोरीचा काही संबंध नाही. तुम्ही एकतीस वर्षं माझ्या हातून ही तलवार घेताय. आज नाव तरी बघा."

जजांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खरोखर पाहिलं. त्यांचा हात अजून दोरीवर होता.

"ओढ ना," ओझेला म्हणाली. "दोरी ओढायलाच आला आहेस."

जजांनी दोरी सोडली, छडी शोधली आणि दाराकडे चालू लागले. कुणी त्यांना वाट करून दिली नाही, कुणी अडवलंही नाही. चारशे कॅडेट तसेच उभे राहिले आणि त्यांना प्रत्येकाच्या खांद्याला घासत बाहेर जावं लागलं.

विटकर टिएराकडे वळले. "कॅडेट प्रुइट, पहारा उठला. तुमच्या जागेवर जा." हॅस्केलला ते म्हणाले, "चोरीबद्दल सोमवारी माझ्या खोलीत यायचं." आणि थोडं थांबून, "गणवेशात या, कॅडेट."

टिएरा जागेवर गेली नाही. तिने आजीकडे पाहिलं. त्या पाहण्यात सुरईचंही सगळं होतं, आणि ओझेलाने मान खाली घातली नाही. मग टिएराने दोरी हातात घेतली आणि ओढली.

पडद्यामागे एका गोटा केलेल्या, बाहेर आलेल्या कानांच्या मुलाचा मोठा केलेला फोटो होता. खाली पितळी पाटी होती, तिचे चारही पेच उभे होते. टिएराने टाचा जुळवून सलाम केला. तिच्यामागे एकेक करून बाकीच्यांनी केला.

त्या दिवसापासून सैनिकाच्या टेबलावरचा पेला वर्षातून एकदा उताणा असतो. पाणी ओझेलाच भरते. हॅस्केल अजून तिच्या हातचं जेवतो. तिला माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही आणि तिने कधी विचारलं नाही. हार्केट तळघरात आहे, गालावर डाग घेऊन.

पाटीवर एवढंच कोरलेलं आहे: अलोन्झो बेट्स, पहिल्या वर्षाचा कॅडेट, वय अठरा. १६ सप्टेंबर १९७१ रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, मेसच्या खिडकीसमोर, मेला.